चुकवलेला हात

सकाळी कपडे बदलायच्या खोलीत आलं की प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवायचा, ही फ्रान्समधल्या त्या ब्रेतन फुटबॉल क्लबची जुनी रीत. म्हातारे प्रशिक्षक ब्रिझू ज्याला संघातून काढणार, त्याचा हात चुकवत. गोलांवर गोल करणाऱ्या एर्वानला त्यांनी असाच घरी बसवला होता. तेव्हा तो गाडीत बसून लहान पोरासारखा रडला. शेजारी गोलरक्षक तांगी होता. "मी प्रशिक्षक झालो तर हे पाप करणार नाही," एर्वान त्याला म्हणाला होता.

आता तो प्रशिक्षक होता आणि संघ हरत सुटला होता. अध्यक्ष केरमाबों यांनी बजावलं, शनिवारी हरलात तर नारळ. आणि त्या थकलेल्या गोलरक्षकाचं काय ते बघा.

शुक्रवारी एर्वान एकेकाशी हात मिळवत शेवटच्या बाकापाशी आला. तांगीने हातमोजा काढून हात पुढे केला. करंगळी वाकडी, तळवा घमेल्याएवढा. एर्वानची लेक जन्मली तेव्हा याच तळव्यावर झोपली होती.

"बरं झालं आलास. जरा बोलायचंय," तांगी म्हणाला.

एर्वान फळ्याकडे वळला. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तांगी खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

शनिवारी संघ जिंकला. संध्याकाळी सफरचंदाच्या सायडरची बाटली घेऊन एर्वान तांगीकडे गेला. त्याच्या बायकोने, माएलने, दार अर्धंच उघडलं.

"नाताळापासून केरमाबों त्याला तुझी जागा देऊ करतायत," ती शांतपणे म्हणाली. "हा म्हणायचा, एर्वान आहे तोवर नाही. काल तुला सावध करणार होता."

"आणि आता?"

"काल दुपारी हो म्हणाला. आज जिंकलास, पण सही आधीच झाली होती." बाटलीकडे न बघता तिने दार लावलं.

सोमवारी एर्वान सामान भरून खोलीत उभा होता. तांगी आला, एकेकाशी हात मिळवत निघाला. आपला हात चुकवणार, म्हणून एर्वानने मान खाली घातली. निदान तेवढं तरी तो तांगीचं देणं लागत होता.

पण तांगीने त्याचा हात धरला, बँकेतला साहेब धरतो तसा.

"अहो, तुमची गाडी प्रशिक्षकाच्या जागेवर उभी आहे," तो म्हणाला. "तेवढी काढाल का?"

आणि पुढच्याशी हात मिळवायला वळला.