काना उलट्या बाजूला

ड्रायव्हरबाईंनी रजेच्या अर्जात ‘बनियनचं ऑपरेशन’ असं लिहिलं, तेव्हा डेपोच्या साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं होतं, “बनियन उसवलं तर शिंप्याकडे जायचं, बाई. हॉस्पिटलात कशाला?”

हा किस्सा त्यांनी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरांना सांगितला. सांगताना स्वतः हसल्या नाहीत.

त्यांच्या पायांचे दोन्ही अंगठे शेजारच्या बोटांवर कलले होते आणि अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला हाड गाठीसारखं वर आलं होतं; डॉक्टर त्याला बनियन म्हणत. दिसायला उजवा पाय जास्त वाईट. दुखायचा मात्र डावा, कारण दिवसभर क्लच त्याच पायाने दाबायचा.

“उजव्याला हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “ब्रेक त्याच्यावर आहे. डावा बरा होऊन मी परत गाडीवर बसले, की मग त्याचं बघू.”

“फक्त डावा,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मार्कर उघडला आणि डाव्या पायाच्या आतल्या कडेला, गाठीच्या जरा मागे ‘डा’ लिहिलं. डाव्याला ‘डा’ आणि उजव्याला ‘उ’ ही पद्धत या ऑपरेशन थिएटरात त्यांनीच घातली होती. पूर्वी नुसता बाण काढत, आणि बाण कुणीही कसाही वाचायचा.

मार्कर नवा होता, शाई ओली होती. फरशी गार म्हणून ड्रायव्हरबाई बाकावर दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून बसल्या. नंबर लागेपर्यंत वीस मिनिटं गेली.

आत भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखाली दोन्ही पाय बधिर झाले. झोपेचं औषध ड्रायव्हरबाईंनी नाकारलं. “गाडी चालू असताना मला डोळा लागत नाही,” त्या म्हणाल्या. छातीवर हिरव्या कापडाचा पडदा लागला आणि त्यांना आपले पाय दिसेनासे झाले.

थिएटरातल्या मामांनी पोटरीला रक्त थांबवायचा पट्टा बांधला. त्यांना उजव्या पायावर खूण दिसली, गाठही मोठी दिसली. पट्टा त्याच पायाला गेला. डावा पाय कापडाखाली झाकला गेला. ऑपरेशन करणारे सर हात धुऊन पायथ्याशी उभे राहिले. सुरी घेण्याआधी बाजू मोठ्याने म्हणायची, हा नियम होता.

“बाजू?” सरांनी विचारलं.

सिस्टर सरांच्या शेजारी, पेशंटकडे तोंड करून उभ्या होत्या. समोरचा पाय त्यांच्या डाव्या हाताला होता.

“डावी. खूण आहे,” त्या म्हणाल्या. तपकिरी औषधाखाली अक्षर फिकट दिसत होतं. आहे एवढंच त्यांनी पाहिलं. वाचलं नाही.

सरांनी आतल्या कडेने चार सेंटिमीटर चिरलं, सांध्यावरचं आवरण उघडलं. हाड पांढरंशुभ्र दिसू लागलं. यापुढचं काम सिस्टरांना पाठ होतं: गाठ सपाट कापायची, मग अंगठ्यामागच्या हाडात आडवी खाच घेऊन टोकाचा भाग बाहेरच्या बाजूला सरकवायचा, तारेने धरायचा, स्क्रूने पक्का करायचा. कापलेलं हाड जुळायला सहा आठवडे.

“करवत,” सर म्हणाले.

सिस्टरांनी नखाएवढ्या पात्याची करवत त्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने जखमेच्या कडेचं रक्त टिपलं. त्याबरोबर औषधही थोडं पुसलं गेलं. अक्षर स्पष्ट झालं. काना ‘ड’च्या आधी होता, आणि ‘ड’चं पोट उलट्या बाजूला.

“सर, थांबा. हाडाला लावू नका.”

करवत सुरू झाली होती. ती बंद झाली.

“हा उजवा पाय आहे,” सिस्टर म्हणाल्या. “खूण उमटलीय, लिहिलेली नाही.”

मामांनी पलीकडचं कापड उचललं. डाव्या पायावर तेच अक्षर सरळ होतं. भूलवाल्या बाई पडद्यापाशी आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “उजवा तसाही जास्त खराब आहे. पुढेमागे करायचाच होता. उघडलाच आहे तर...”

सर हाडाकडे पाहत राहिले. एवढ्या वेळात अर्धं काम झालं असतं.

“त्या जाग्या आहेत,” सिस्टर म्हणाल्या.

“माहितेय मला.” सरांनी करवत ट्रेमध्ये ठेवली. जखमेवर ओलं कापड टाकलं, मास्क खाली केला आणि पडद्यापलीकडे गेले. सिस्टरही मागोमाग गेल्या.

“बाई, आमच्याकडून चूक झालीय,” सर म्हणाले. “आम्ही उजवा पाय उघडला. कातडी आणि आतलं आवरण चिरलंय. हाडाला काही केलेलं नाही. आता शिवतो. दोनेक आठवड्यांत ते भरून येईल.”

ड्रायव्हरबाई छताकडे बघत होत्या. “सकाळी मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मला सांगितलं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “बाजू मी म्हटली. न वाचता म्हटली.”

“सुरी माझ्या हातात होती,” सर म्हणाले. “डावा आज करायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी चालेल. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर सगळे कागद मी देईन.”

“आधी ते शिवा.”

शिवायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ड्रायव्हरबाई एवढंच बोलल्या. “माझ्या गाडीत मागे साठ माणसं असतात. मी न बघता वळले असते, तर तुम्ही मला काय म्हटलं असतं?”

शेवटचा टाका झाल्यावर त्या म्हणाल्या, “डावा आजच करा. पुन्हा इथे येऊन झोपायची हिंमत माझ्यात राहणार नाही. पण या सिस्टर बोलत राहतील. कुठला पाय, काय करताय, सगळं. मी हाताचं बोट उचललं की पुढे जायचं. नाहीतर नाही.”

मामांनी नवा ट्रे उघडला. पट्टा डाव्या पोटरीला बांधला. सिस्टरांनी डाव्या पायावरचं अक्षर या वेळी बोट ठेवून वाचलं.

“डावा पाय. औषध लावतोय,” त्या म्हणाल्या.

पडद्यापलीकडून भूलवाल्या बाईंचा आवाज आला, “उचललं.”

“डावा पाय. कातडी चिरतोय.”

“उचललं.”

“डावा पाय. आवरण उघडलं. हाड दिसतंय.”

“उचललं.”

सरांनी करवत हातात घेतली.

“डावा पाय,” सिस्टर म्हणाल्या. “आता हाड कापायचं आहे.”

पलीकडून काही आलं नाही. सरांनी पातं हाडापासून बोटभर वर धरलं होतं. हात हलू नये म्हणून त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात मिनिट उलटून गेलं.

“उचललं,” भूलवाल्या बाई म्हणाल्या.