उजवीकडच्या तीन पट्ट्या

इक्वलायझरच्या उजवीकडच्या, बारीक आवाज कमी-जास्त करणाऱ्या तिन्ही पट्ट्या कानसेनांनी शून्यावर आणल्या आणि हात मांडीखाली दाबून धरला. सवयीनं तो पुन्हा वर जायला बघत होता. हेडफोनमध्ये पुस्तक वाचणाऱ्या बाईंचा आवाज त्यांना दबका वाटत होता. त्यातले स आणि श तर सापडतच नव्हते. पण परवा कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवून हातात दिला होता. डावीकडून सरळ आलेली रेघ उजवीकडे पायरी चुकल्यासारखी खाली गेली होती. बारीक, टोकदार आवाज आता तुम्हाला ऐकू येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा यापुढे कानांवर नाही, पडद्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा, असं कानसेनांनी ठरवलं. घरी काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बत्तीस वर्षं ते बोलक्या पुस्तकांचा आवाज घासूनपुसून देत होते. कानसेन हे नाव धंद्यातल्या लोकांनीच कौतुकानं ठेवलेलं. त्यांचं काम संपलं की लेक ते प्रकाशकाला पाठवायची. तिचं काम तेवढंच, असं ते सगळ्यांना सांगत. तीन वर्षांपूर्वी तिनं रेडिओतली चांगली नोकरी नाकारली तेव्हा ते तिला चारचौघांत आळशी म्हणाले होते.

चार दिवसांनी प्रकाशकाचा फोन आला. बाई पांघरुणातून बोलतायत असं वाटतं, तो म्हणाला. तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं.

लेक बाहेर गेली होती. कानसेनांनी तिच्या मशीनवर ते काम उघडलं. त्यांच्या पट्ट्या शून्यावरच होत्या, पण त्याखाली आणखी एक इक्वलायझर लावलेला होता, उजवीकडे उतरत गेलेला. त्यांनी मागचं पुस्तक उघडलं, मग त्यामागचं. जिथं जिथं त्यांनी आवाज चढवला होता, तिथं तिथं तिनं तो तेवढाच उतरवला होता. त्यांनी खिशातला आलेख काढून पडद्याशेजारी धरला. तीच रेघ. डॉक्टरांनी यंत्र लावून जे मोजलं, ते पोरीनं नुसतं त्यांचं काम ऐकून मोजलं होतं. त्यांना फार लाज वाटली.

ती आली, पडद्याकडे बघून दारातच थांबली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली, बाबा. या वेळी तुम्ही चढवलंच नसेल, असं मनातही आलं नाही. न ऐकताच पाठवलं. चूक माझीच."

"म्हणून ती रेडिओतली नोकरी नाकारलीस?"

ती आत येऊन टेबलावरची वायर गुंडाळू लागली. एवढीशी वायर, पण तिला बराच वेळ लागला.

कानसेन खुर्चीतून उठले. "बस इथं."

ती बसली. तिनं आपला इक्वलायझर काढून टाकला, डोळे मिटून ऐकलं, एक पट्टी केसभर हलवली. कानसेन तिच्या खांद्यांकडे बघत उभे राहिले. खांदे सैल पडले, तेव्हा त्यांना कळलं की आवाज जमला.

"ते रेडिओवाले अजून घेतील का तुला? विचारून बघ एकदा."

तिनं मान न वळवताच हळू आवाजात काहीतरी उत्तर दिलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. तरी ते म्हणाले, "बरं."