भिसेगावचे पेटते स्टंप

आधीच सांगते, मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. मला कळतो दिवा. कुठला सेन्सर काय ओळखतो, बोर्डात कसला प्रोग्राम टाकला की दिवा लाल लागतो आणि कसला टाकला की हिरवा, हे विचारा, दिवसभर सांगत बसेन. नोकरी खोपोलीच्या एका कंपनीत, बिलं काढायची. पण जीव सगळा ह्या काडेपेटीएवढ्या बोर्डांत. कुरिअरवाला आमच्या भिसेगावच्या घरी आला की सासूबाई आतूनच ओरडतात, "ललिता, तुझं भंगार आलं गं!"

त्या भंगारातून मी केलेला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे फ्रीजचा पहारेकरी. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांना साखर आहे, आणि पेढा दिसला की त्यांचा हात काही ऐकत नाही. म्हणून मी फ्रीजच्या दाराला चुंबक लावलं, समोर चौकटीवर त्याचा छोटा स्विच, आणि ओट्यावर लाल दिवा. दार उघडलं, चुंबक स्विचपासून लांब गेलं, की दिवा पेटलाच. मामांनी काय काय करून बघितलं! दार हळूच उघडलं, दिव्यावर टॉवेल टाकला, चिडून एकदा फ्रीजला लाथसुद्धा मारली. "माझं घर हाय का पोलीस चौकी?" म्हणाले. मी म्हटलं, चौकीच आहे, आणि मी फौजदार.

तर यंदा गावच्या चषकाची कमिटी आमच्या ओटीवर बसली होती. मामा कमिटीचे अध्यक्ष. कोणीतरी म्हणालं, टीव्हीतल्या मॅचला स्टंप कसे लाल पेटतात, तसं आपल्याकडे पायजे होतं. मी चहा घेऊन आले होते. ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "मी करते."

सगळे हसले. मामा तर बशी सांडेपर्यंत हसले. "सूनबाय, स्टंपांना दिवाळीचं तोरण लावणार काय गं?"

झालं! माझं डोकं सटकलं. मला कोणी नाही म्हटलं की मी गप्प बसते. पण हसलं की संपलं. त्याच दिवशी मी दुधी रंगाचे प्लास्टिकचे पाइप आणले, आत दिव्यांची पट्टी सोडली, तळाशी बोर्ड, बॅटरी आणि धक्का ओळखणारा सेन्सर बसवला. दोन्ही टोकांचे स्टंप तयार. चेंडू लागला, धक्का बसला, की लाल. लाटण्यानं एक टोला दिला आणि आख्खं स्वयंपाकघर लालेलाल! मी अशी उडी मारली की वरच्या फळीवरचा डबा खाली आला. किशोर, म्हणजे माझा नवरा, धावत आला. आमचं घरात अरे-तुरे चालतं, मामांसमोर मात्र अहो-जाहो. तो स्टंपांकडे बघत म्हणाला, "ललू, काय भारी दिसतंय गं!" एवढ्यावर मी महिनाभर नाचले असते.

मॅचचा दिवस उजाडला. भात कापून झालेली खाचरं सपाट केलेली, लाल धूळ, मांडव, माइकवर सलमान. कर्जतच्या आसपास कुठेही मॅच असली की कॉमेंट्री सलमानचीच. मांडवाच्या कडेला बेंजो पार्टी. आणि माझी पंचाईत अशी, की किशोर भिसेगावचा कॅप्टन आणि शेलूचा कॅप्टन माझा सख्खा धाकटा भाऊ, पदू. सासर एकीकडे, माहेर दुसरीकडे, आणि मध्ये माझे स्टंप.

पहिल्याच मॅचला इज्जत गेली. कोणीतरी सिक्स मारला, बेंजोवाल्यांनी ढोलावर टिपरी हाणली, धाड धाड धाड, आणि स्टंप पेटले की हो! चेंडू तिकडे बांधाच्या पलीकडे, आणि इकडे स्टंप लाल. सिक्स मारलेला बिचारा बॅट बगलेत मारून निघाला परत. सलमान माइकवर किंचाळला, "बेंजोनं घेतली विकेट! मित्रांनो, इतिहासात पहिल्यांदाच, बेंजोनं घेतली विकेट!" मैदान लोटपोट. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटांनी तोरण हलवल्यासारखं करून दाखवलं.

मला रडू यायला हवं होतं, आला संताप. स्वतःचाच. अगं बये, धक्का ओळखणारा सेन्सर लावलास तर तो ढोलाचाही धक्का ओळखणारच ना! स्टंप हलला की नाही याच्याशी आउटचा संबंधच काय? स्टंपांवर आडव्या ठेवलेल्या बेल्स उडाल्या की नाही, एवढंच बघायचं. म्हणजे धक्का नको. म्हणजे... दार! फ्रीजचं दार!

"अहो!" मी एवढ्यानं ओरडले की अंपायरनंही मागे वळून बघितलं. "बाइक काढा! फ्रीजचं चुंबक आणि स्विच उचकटून आणा! दोन टोकांना दोन लागतील, घराच्या मागच्या दाराला तसंच लावलंय, तेही आणा!"

मामांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच उजळला. "फ्रीजचं काढणार? कायमचं?"

"आजच्यापुरतं!"

साधे लाकडी स्टंप लावून बाकीच्या मॅचा सुरू राहिल्या. मी सलमानच्या शेजारी बसून, त्याच्याच वायरीवर सोल्डरिंग गन तापवून, मधल्या स्टंपच्या डोक्यात स्विच बसवला. दोन बेल्स चिकटवून एक केली आणि तिच्या पोटात चुंबक भरलं. धक्क्याचा सेन्सर उपटून फेकला. प्रोग्राम बदलला: चुंबक जवळ असेल तर विझलेला, लांब गेलं तर लाल. बेल उचलली, लाल! ठेवली, विझला. फायनलला कोण खेळणार ते एव्हाना ठरलं होतं. भिसेगाव आणि शेलू. दुसरं कोण असणार!

कमिटीनं बेंजोला सक्त ताकीद दिली, चेंडू पडताना वाजवायचं नाही. शेलूची बॅटिंग झाली. आमच्या बोलरनं एकाचा दांडा उडवला तेव्हा स्टंप असे भसकन पेटले की शेलूवालेसुद्धा टाळ्या पिटायला लागले. मग भिसेगाव. किशोर एका बाजूनं झोडत होता, दुसऱ्या बाजूनं आमचे गडी येत होते आणि जात होते. शेवटची जोडी उरली. जिंकायला दोन धावा. मला क्रिकेट कळत नाही म्हटलं ना? त्या वेळी सगळं कळायला लागलं. माझ्या तोंडातून किशोर आणि पदू, दोन्ही नावं निघत होती.

किशोरनं चेंडू ढकलला आणि एक धाव चोरायला पळाला. पदूनं उचलला आणि फेकला. लाल धुळीचा लोट. बेंजोवाल्याला राहवलं नाही, त्यानं धाड करून ढोलावर हाणली. आणि स्टंप पेटले.

अंपायरनं बोट वर केलं. स्टंप पेटले तेव्हा बॅट रेषेच्या बाहेर होती. मोबाइलवरच्या शूटिंगमध्येही तेच: स्टंप लाल, बॅट वीतभर बाहेर. किशोर आउट, भिसेगाव खलास, चषक शेलूचा. पण धुळीत चेंडू काही दिसत नव्हता, आणि भिसेगाववाले मैदानात घुसले. "ढोलानं पेटला! चेंडू मागाहून लागला! सकाळी पण असंच झालं व्हतं!"

खोटं बोलत नव्हते ते. सकाळी झालंच होतं तसं.

मामा मांडवातून उतरून माझ्यासमोर उभे राहिले. "ललिता, खरं सांग. तुझा दिवा ढोलानं पेटंल का?"

मागून आमचेच लोक कुजबुजत होते, हो म्हण गं, हो म्हण. नुसतं "पेटेल कदाचित" म्हटलं असतं, तर किशोर पुन्हा खेळायला उभा. सासर खूश, रात्रीच्या भाकरीला गोडवा. पण माझे स्टंप मग तोरणच राहिले असते, जन्मभर. किशोर घामानं निथळत माझ्याकडे बघत होता.

"नाही पेटणार," मी म्हटलं. "बेल उडाल्याशिवाय नाहीच पेटणार."

"माहेरची हाय! भावाच्या बाजूनंच बोलणार!" एक जण ओरडला. "खाते भिसेगावचं नि गाते शेलूचं!"

आता मात्र माझा पारा चढला. मी ताडताड पिचवर गेले, बेल उचलून पुन्हा स्टंपवर ठेवली. स्टंप विझले. "ओ बेंजोवाले! या इकडं! आणा ते सगळं! आज काय वाजवायचं ते इथं, स्टंपाच्या बोडक्यावर वाजवा!"

बेंजोवाल्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी जी धमाल उडवली! जमीन हादरत होती, दोन पोरं तर तिथंच नाचायला लागली. स्टंप ढिम्म. मी मूठ आपटली, पाय आपटले. तरी दिवा नाहीच. मग एका बोटानं बेल उडवली आणि लाल!

मैदान ओरडलं. पण तो मघाचा माणूस काही मागे हटेना. "आता नाय पेटला. मगाशी पेटला असंल!"

मी बेल उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

मामा वाकून बेल न्याहाळत होते. "हे फ्रीजचंच चुंबक ना गं?"

"हो मामा."

ते सरळ मांडवात गेले आणि सलमानच्या हातातून त्यांनी माइक ओढून घेतला. "ऐका रं सगळ्यांनी. ह्या चुंबकाला मी वर्सभर फसवायला बघतोय. दार हळू उघडून झालं, टॉवेल टाकून झाला, लाथ पण मारून झाली. दार लावलेलं असताना ह्यानं कदी उगाच दिवा पेटवला नाय, आणि उघडल्यावर मला कदी सोडलं नाय. घरातल्या म्हाताऱ्याला सोडलं नाय, ते माझ्या पोराला काय सोडतंय! किशोर, आउट! चल, भायेर!"

हशा असा उसळला की तो ओरडणारा माणूससुद्धा हसायला लागला. किशोरनं बॅट खांद्यावर टाकली आणि जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, "बेल जरा जड करायची ना गं. वीतभर उशिरा पडली असती." माझे डोळे वाहत होते आणि मी हसत होते, दोन्ही एकदम.

मामा अजून माइक सोडत नव्हते. "चषक शेलूचा. न्या, खुशाल न्या. पण स्टंप भिसेगावचे हायत. आमच्या सुनेनं केलेत. कोणाला पायजे असतील तर आमच्या दारात येऊन मागायचे!"

पदूनं चषक डोक्यावर घेतला, मला मिठी मारली आणि पेढ्यांचा बॉक्स उघडून पहिला मामांसमोर धरला. मामांचा हात पुढे झाला आणि तिथंच थांबला. त्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं.

फ्रीजचं चुंबक अजून बेलच्या पोटातच होतं. मी मान वळवली आणि बेंजोकडे बघत टाळ्या वाजवत राहिले.