चौतीस नंबरचा खांब

"मामा, हात काढा! खांब उचलतोय," क्रेनवाला वरून ओरडला.

"दम धर. एक राहिलीय."

फिटरमामांनी खांबाच्या बुडाखाली बोटं घातली आणि नखाएवढ्या जाडीची गंजकी पट्टी ओढून काढली. चिंधीनं पुसली, तिच्यावर रंगानं चौतीस लिहिलं आणि पेटीत टाकली.

"भंगार जमवताय होय?"

"तुला काय कळतंय? तू आपला उचल."

बावीस वर्षांत इथली, रोलरकोस्टरखालची जमीन जागोजागी बसली होती. खांब केसभर कलला की वरून जाणारी गाडी हिसका द्यायची. मग मामा त्या खांबाखाली पट्टी सारायचे. कुठे एक, कुठे तीन. चौतीस नंबरखाली सहा. यातलं काहीच नकाशावर नव्हतं. सकाळी गाडी रिकामी फिरवताना खांबाला तळहात लावला की त्यांना कळायचं.

आता ही करमणुकीची बाग बंद झाली होती. रोलरकोस्टर दोन दिवसांच्या वाटेवरच्या दुसऱ्या बागेनं विकत घेतला होता. तिथे गाडीच्या जुन्या ड्रॅगनचा शार्क मासा होणार होता. मुंडकं नवं, रंग निळा. जुन्यांपैकी एक माणूस ठेवू, पण उपयोगाचा असेल तर, असं त्यांनी कळवलं होतं. बाकीचे फिटर कधीच दुसरीकडे लागले होते. मामांचं वय छप्पन. त्यांना कुणी दारात उभं केलं नव्हतं.

बागेनं दिलेली खोली महिनाअखेर सोडायची होती. बायको भांडी बांधत होती.

"अहो, ही पेटी कशाला आणलीत आत? पाय ठेवायला जागा नाही."

"असू दे. आपलं पुढचं सगळं तिच्यात आहे."

"त्या गंजक्या पट्ट्यांत?"

"अगं, त्यांच्याशिवाय गाडी चालायची नाही. आणि कुठली कुठे बसते ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ठेवतील मला. ठेवावंच लागेल."

"मग जायच्या आधी फोन करून विचारा की."

"विचारायचं म्हणजे सगळं सांगावं लागतं. मग माझ्याकडे काय राहिलं?"

ती गाठ मारता मारता थांबली. "माझ्या भावाकडे महिनाभर निघेल. त्यापुढे वहिनी तोंड उघडेल, आत्ताच सांगते."

नव्या बागेत पाया नुकताच ओतला होता, पाटासारखा सपाट. खांब निळे होऊन ओळीत आडवे पडले होते. मामांनी पेटी उघडली आणि प्रत्येक खांबापाशी त्याच्या त्याच्या पट्ट्या मांडल्या. दुपार झाली. इंजिनियर बाई आल्या. वयानं मामांना मुलगी शोभतील अशा.

"काका, हे काय मांडलंय?"

मामांनी सगळं सांगितलं. बाई उकिडव्या बसून ऐकत राहिल्या.

"चौतीसला सहा? एवढ्या का?"

"तिथं खालून पाणी जायचं, मॅडम. माती धरायचीच नाही."

"तिथं," बाई हळूच म्हणाल्या. "इथं नाही जात, काका."

मामांनी मांडलेल्या सहा पट्ट्यांकडे पाहिलं. खांब कधीच आखूड नव्हते. जमीन खचत होती. "जमीन बसली," असं बावीस वर्षं ते स्वतःच म्हणत आले होते. ती जमीन मागेच राहिली होती.

"इथलीही बसेल की कधीतरी," ते घाईनं म्हणाले.

"बसेल. पण ते आता यंत्रावर कळतं. प्रत्येक खांबाला लावलंय."

"मग दुसरं काहीही द्या. ग्रीस लावतो. झाडू मारतो. मॅडम, खोली सोडून आलोय हो. बायकोला मेव्हण्याच्या दारात बसवून आलोय." त्यांनी हात जोडले. असे हात त्यांनी आजवर कुणापुढे जोडले नव्हते.

"काका, नका असं करू. माझ्या हातात असतं तर…" बाईंनी नजर वळवली. "गाडीची चाचणी आहे. माणसांच्या जागी वाळूची पोती बसवून फिरवायची. दोन दिवसांचं काम आहे. तेवढंच देता येईल."

मामांनी मान डोलावली. मग विचारलं, "एक माणूस किती किलोचा धरायचा?"

"पंचाहत्तर."

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"काय म्हणाले?"

"लागलो कामाला."

"खरंच? किती दिवसांसाठी?"

"दोन."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काही खाल्लंत का?"

चाचणीच्या दिवशी मामांनी चोवीस पोती वजन करून भरली, शिवली आणि एकेक उचलून निळ्या डब्यांतल्या बाकांवर दोन-दोन बसवली. मग पहिल्या बाकाचा सुरक्षेचा दांडा खाली घेतला आणि दोनदा ओढून पाहिला. दुसऱ्याचा घेतला, दोनदा ओढला.

"अहो काका, वाळू आहे ती!" ऑपरेटर बटणापाशी ताटकळला होता. "तिला काय भीती वाटतेय का? सोडू का गाडी?"

"अजून दहा बाक राहिलेत," मामा म्हणाले, आणि पुढच्या दांड्याला हात घातला.