छातीवरची नात

कडुबांनी शर्टाची बटणं काढली आणि सुलेखा सिस्टरनं त्यांच्या उघड्या छातीवर नात पालथी ठेवली. वजन साडेचौदाशे ग्रॅम. वाळूजच्या कारखान्यात याहून जड लोखंडी पाने त्यांनी तीस वर्षं रोज उचलले होते.

"डोकं एका बाजूला राहू द्या, बाबा. एक हात पाठीवर, एक खाली. तुमची ऊब तिला लागली पाहिजे."

सून मोनिका सातवा सरता सरता बाळंत झाली होती. ऑपरेशननंतर तिला ताप भरला होता आणि मुलगा कृष्णा कामाच्या पाळीवर होता. म्हणून दुपारचे तीन तास आजोबांकडे आले.

काचेबाहेर त्यांची बायको वच्छलाबाई उभ्या होत्या. भद्रा मारुतीला पायी येईन, असा नवस त्यांनी बोलला होता. अंगाऱ्याची पुडी सिस्टरनं दारातच अडवली, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या,

"अंगारा नाय तर नाय. आत गेल्यावर माझ्या वतीनं हात तरी जोडा."

चाळीस वर्षांत कडुबांनी कुठं हात जोडले नव्हते. मूर्तीपुढं उभं राहिलं की मला काहीच होत नाय, मग खोटं कसं करू, असं त्यांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. वच्छलाबाई भांडल्या नाहीत. स्वतःचा नमस्कार झाला की त्यांच्या नावानं आणखी एक करायच्या.

चौथ्या दिवशी छातीवरच्या नातीची हालचाल थांबली. तिला जोडलेलं यंत्र वाजू लागलं. सिस्टर दोन खाटा पलीकडं होत्या. त्या येईपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. कडुबा हलले नाहीत. त्यांनी फक्त एक खोल श्वास घेतला, इतका सावकाश, की नातही छातीबरोबर वर गेली आणि खाली आली. सिस्टरनं तिचा तळपाय चोळला. पोरीनं अंग आक्रसलं आणि श्वास पुन्हा सुरू झाला.

"या दिवसांत होतं असं," सिस्टर म्हणाल्या. "वाढली की थांबतं."

ते बाहेर आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. वच्छलाबाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि एकेक बटण काढून नीट लावायला घेतलं.

"घाबरलात?"

"आधी घाबरलो. मग नाय." त्यांनी काचेकडं पाहिलं. "तिला मी धरलंय अन् मला बी कुणीतरी धरलंय, असं वाटलं. लई निवांत वाटलं."

"कोण? मारुती?"

"नाव-गाव नाय कळलं. पण हाय."

वच्छलाबाईंचा हात थांबला.

"आधी कधी वाटलं नव्हतं?"

"वाटायचं की. मशीन एकदम सुरात चाललं की. बांधावर एकटं बसलं की. तू त्याला देव म्हणशील, म्हणून गप बसायचो."

"म्हटलंच असतं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग शेवटचं बटण लावलं.

नात दोन किलोच्या जवळ गेल्यावर करमाडला घरी आली. नवस फेडायला वच्छलाबाई शहरातून पायी निघाल्या, तेव्हा कडुबाही बरोबर चालले आणि देवळाबाहेर चपला सांभाळत बसले.

बाळाला छातीशी धरणं घरीही सुरू ठेवायला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तिला धरायची पाळी वच्छलाबाईंची होती. लुगड्याच्या पदराखाली नात बिलगली होती. स्वयंपाकघरातून मोनिका म्हणाली,

"आई, दिवा लावायचा राहिला."

"राहू दे. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

कडुबा उठले. त्यांनी पंखा बंद केला, देव्हाऱ्यापुढं उकिडवे बसले आणि निरांजन जवळ ओढलं. काडी पेटवण्याआधी क्षणभर घुटमळले.

"वात किती वर काढायची?"

वच्छलाबाई न हलता हळूच म्हणाल्या,

"थोडीच. लई काढली तर काजळी धरती."