कुई जेवत नाही

“नमस्कार, रिपेका बोलतेय. बिलाबद्दल काही विचारायचंय?”

“बिल राहू दे. कुई जेवत नाही.”

हेनारे काका होते. वीज कंपनीच्या ग्राहकांच्या फोनवर घरच्या गप्पा मारायच्या नाहीत असा नियम आहे. पण आमचं खोरं एवढंसं, निम्मे ग्राहक माझे नातेवाईकच निघतात. त्यांच्याआधी फोन केलेल्या बाईंनी मला चांगलं झापलं होतं. पाणी देवाचं, वारा देवाचा, मग तुम्ही बिल कसलं पाठवता, म्हणे. त्या मानानं एका वाम माशाच्या जेवणाची तक्रार सोपी वाटली.

“कधीपासून?”

“झाला की आठवडा. खिमा दिला, कलेजी दिली. तोंडाशी धरली तरी मान फिरवते.”

“रुसली असेल. खिमा स्वस्तातला आणलात ना?”

“थट्टा सुचते तुला. धरणावरच्या टर्बाइनचा आवाज वाढलाय का, ते विचार तिकडे कुणाला तरी.”

विचारते म्हटलं आणि फोन ठेवला.

कुई म्हणजे आमच्या भाषेत म्हातारी. काकांच्या घरामागे धरणाच्या तळ्याचा लाकडी धक्का आहे, तिथे ही वाम राहायची. मांडीएवढी जाड, लांबीला माझ्या खांद्यापर्यंत भरेल. धरणाचे दरवाजे पहिल्यांदा बंद झाले तेव्हा ती वरच्या अंगाला अडकली, असं काका सांगायचे. तेव्हा ते स्वतः आईच्या कडेवर होते. पुढे त्याच धरणावर त्यांची सगळी नोकरी झाली. काकू गेल्यापासून दुपारचा चहा ते धक्क्यावर घ्यायचे आणि जे काकूला सांगायचे ते कुईला सांगायचे. आम्ही हसायचो, पण एकटा माणूस असा बोलता राहिला याचं बरंही वाटायचं.

निवृत्तीनंतर कंपनीनं त्यांना वाम मासे पोचवायचं काम दिलं. वाम पिकली की पानगळीच्या दिवसांत समुद्राकडे निघते, दूर उत्तरेला जाऊन अंडी घालते आणि तिथेच संपते. वाटेत आता तीन धरणं. टर्बाइनमधून गेली तर तुकडे होतात. म्हणून तळ्यात धरायची, पाण्याच्या टाकीत घालायची आणि गाडीनं नदीच्या मुखाशी नेऊन सोडायची. निघायला आलेली वाम कशी ओळखायची, हे खोऱ्यातल्या सगळ्यांना काकांनीच शिकवलं. डोळे मोठे होतात, डोकं चपटं पडतं, पोटावर चंदेरी झाक येते. आणि खाणं सुटतं.

विचार करत इथवर आले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकांच्या कसा पडला नव्हता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेले. काका धक्क्यावर पालथे पडून पाण्यात कलेजी हलवत होते.

“काका, शनिवारी वर डोंगरात मोठा पाऊस सांगितलाय.”

“ऐकलं मी.”

“पाणी चढलं की ही खाली जायची वाट शोधणार. आणि वाट एकच आहे.”

“ही कुठे जात नाही. इतकी वर्षं गेली का?”

“इतकी वर्षं तिची वेळ झाली नव्हती.”

“तू बिलं बघ. वाम मला शिकवू नकोस. शेकड्यांनी डोळे तपासलेत मी.”

“मग हिचे तपासा.”

कलेजी बाजूला ठेवून त्यांनी नुसता हात पाण्यात घातला. कुई आली आणि सवयीनं तिनं तळव्यावर हनुवटी टेकली. काका वाकून बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले, की मला त्यांच्याकडे बघवेना.

“तुझ्या काकूनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं मला,” ते म्हणाले. “पोतं आण. ओलं करून आण.”

गाडीवरच्या टाकीत आणखी पाणी भरायला दुकानापाशी थांबलो. तिथे चुलतभाऊ पाओरा आत डोकावला.

“अरे बापरे. धुरावर लटकवली तर एक लग्न उरकेल हिच्यात.”

“तुझं कुठे ठरतंय? तोवर टिकायची नाही ती,” काका म्हणाले. पाओरानं पाण्याची नळी धरली.

दर धरणापाशी काका गाडी हळू करायचे आणि मान वळवून टाकीकडे सांगायचे, “हे पहिलं.” मग, “हे दुसरं.” तिसऱ्याशी त्यांचा चेहरा निवळला होता. चांगलं काम अंगावर घेतलेल्या माणसाचा होतो तसा.

नदीच्या मुखाशी गोटेच गोटे आणि झोंबरा वारा. काका बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरले. कुईला दोन्ही हातांवर घेऊन त्यांनी वाम सोडतानाची प्रार्थना म्हटली. एरवी ते ती भराभर उरकतात. आज एकेक शब्द नीट म्हटला. मी काठावरून साथ दिली.

मग त्यांनी हात पाण्याखाली नेले. कुई तशीच पडून राहिली. समुद्राची एक लाट आत आली, खारट पाणी तिच्या अंगावरून गेलं आणि ती थरथरली. शेपटीचा एकच फटका मारून निघाली. मागे वळेल, निदान काकांच्या पायांभोवती एक फेरी घालेल, अशी मला वेडी आशा होती. ती सरळ गेली.

काका तसेच उभे. त्यांचे हात अजून पाण्यात होते, तिला पेललं होतं तसेच पसरलेले, आणि त्या हातांवरून नदी वाहत होती.

“पाणी गार आहे,” ते म्हणाले. “तिला बरं वाटेल.”