शेवटचा पीळ

आमच्या बाबांनी पिळलेला बोल्ट बाबांनीच सोडवावा, असं कारखान्यात म्हणत. घरातही तीच तऱ्हा. बरणीचं झाकण ते असं लावत की आई वैतागून ओरडायची, "आत काय बॉम्ब ठेवलाय का?" बाबा गालातल्या गालात हसायचे. कारखान्यात ते बॉम्बचीच झाकणं बसवत होते, अण्वस्त्रांची. आईला हे फार उशिरा कळलं.

तीस वर्षांत त्यांचं एकही झाकण तपासणीतून परत आलं नाही. प्रत्येक फिटर आपल्या झाकणावर आपला नंबर ठोकायचा. बाबांचा सतरा. पुढे मीही फिटर झाले, त्याच शेडमध्ये लागले, पण उलट्या कामावर. दोन देशांत अण्वस्त्रं मोडायचा करार झाला होता आणि बाबांनी जोडलेलं आता मी सोडवत होते. "मोडायला काय अक्कल लागते?" बाबा एवढंच म्हणाले आणि माझ्याशी कामाचं बोलणं त्यांनी टाकलं. मला ते फार लागलं. मोडायला जोडण्यापेक्षा जास्त अक्कल लागते, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

काम बघायला समोरच्या देशाचे तपासनीस येत. आम्ही त्यांना 'व्याही' म्हणायचो, कारण चहा पाजावा लागे आणि तरी खोट काढतच. आमचेही असेच व्याही तिकडे जाऊन बसलेले. इकडे एक सुटलं की तिकडे एक सुटायचं.

शेवटचं अस्त्र टेबलावर आलं तेव्हा शेडमध्ये सगळे नवे कपडे घालून आले होते. झाकणाला आठ बोल्ट. सात निघाले. आठवा हलेना. तेल सोडून पाहिलं, लांब दांड्याचा पाना लावून दोघांनी ओढलं. बोल्ट ढिम्म. ठिणगी उडायला नको म्हणून कापायची सोय नाही. दुपारी साहेबांनी कपाळ पुसलं.

"उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीतर सील करून कोठारात ठेवू. नंतर काय ते बघता येईल."

सरकारी 'नंतर' म्हणजे काय, ते मला पक्कं माहीत होतं. आमचं एक राहिलं की त्यांचंही एक राहणार. आणि एका शहराला एक पुरतं. मी खाली वाकून झाकणावरचा नंबर पाहिला. सतरा.

घरी आले तेव्हा बाबा खुर्चीचा पाय दुरुस्त करत होते.

"तुमचं एक झाकण अडलंय. आठवा बोल्ट सुटत नाही," मी म्हटलं. आता मिशीला पीळ देतील, असं मला वाटलं.

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "नंबराच्या डावीकडचा?"

"हो."

"हात दाखव तुझे."

तळव्यांवर फोड आले होते. त्यांनी ते अंगठ्याने चाचपले. मग म्हणाले, "उद्या मला आत ने. काय ते सगळ्यांसमोर सांगतो."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मी मनात म्हटलं. म्हाताऱ्याला अजून टाळ्या हव्यात.

साहेबांनी पास काढून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेबलापाशी उभे राहिले. समोर साहेब, आमची माणसं, व्याही आणि त्यांची दुभाषी.

"हा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे," बाबा म्हणाले. "बसवताना माझ्या हातून भोकातले आटे गेले. झाकण परत गेलं असतं. सतरा नंबरला डाग लागला असता. उलटे आटे पाडायचा टॅप तेवढा हाताशी होता. भोक मोठं करून ते आटे पाडले, लेथवर तसाच बोल्ट केला आणि तोंड शिवून बसलो."

"आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही. तेच सांगायला आलोय. इथे चूक होतच नाही, असं धरून दोन देश झोपत होते. माझ्या हातून झाली. माझ्या! मग इतरांचं काय विचारता? या वस्तूला एक चूक पुरते, आणि माणूस चुकल्याशिवाय राहत नाही. या दोघांनी एका घरात नांदू नये, साहेब."

दुभाषी सांगून थांबली. थोरले व्याही खुर्चीतून उठले आणि हळूच काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, आमच्याकडेही असा एक बोल्ट आहे," दुभाषी म्हणाली.

मी पाना बाबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"तूच. सुलटा फिरव, आवळतात तसा."

म्हणजे काल दिवसभर सोडवायचा म्हणून ओढत होतो, तेवढा आम्ही तो आवळत होतो! मी पाना लावला आणि कालच्या उलट बाजूने जोर केला. फोड फुटले. बोल्ट एकदा कुरकुरला आणि फिरला. बाहेर काढून मी तो बाबांच्या हातात ठेवला. आटे स्वच्छ होते, एकसारखे. चूक लपवतानाही बाबांनी काम चोख केलं होतं. मला हसू आलं, आणि रडूही.

तीस वर्षं मिरवलेलं नाव त्यांनी पाच मिनिटांत स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. इतका अभिमान मला त्यांचा कधीच वाटला नव्हता.

पुढच्या तासाभरात झाकण निघालं आणि गाभा बाहेर आला. व्याह्यांनी तिकडे फोन लावला. कुणी सोडवलं ते लिहायला साहेबांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"तुझा नंबर काय?"

"मोडणाऱ्यांना नंबर देत नाहीत, बाबा."

त्यांनी खिशातून सुरकुतलेला रुमाल काढला आणि माझ्या तळव्याला बांधला. गाठ नेहमीसारखी घट्ट.

"मग सतरा लिही," ते म्हणाले.